स्नायू आणि पेशी टिकवायच्या असतील तर व्यायाम कसा करायचा, अगदी पहिल्या दिवसापासून

व्यायाम करा असं सगळेच सांगतात, डॉक्टर सांगतात, घरचे सांगतात, पण त्याने शरीराच्या आत नेमकं काय बदलतं ते कुणी बसून समजावत नाही, आणि ते कळलेलं नसलं की होतं काय, माणूस चार दिवस हौसेने करतो, वजनकाट्यावर फरक दिसत नाही, मग सोडून देतो. म्हणून आधी आतली गोष्ट सांगते आणि मग काय करायचं ते क्रमाने. ज्यांनी कधीच व्यायाम केला नाही किंवा करून बरीच वर्षं झाली, वय तीस असो नाहीतर सत्तर, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

पुढचं सगळं ज्यावर उभं आहे ते आधी बोलून घेऊ. स्नायू सांभाळायला शरीराला खर्च येतो, त्यामुळे ते गरजेपुरतेच ठेवले जातात. रोज स्नायूतली थोडी प्रथिनं मोडतात, थोडी नवी बनतात, आणि पारडं कुठे झुकणार ते तुम्ही त्या स्नायूकडून काय मागता त्यावर ठरतं. दम लागेल असं काम मागितलंत तर पेशी ऊर्जा बनवायची सोय वाढवते, जड काम मागितलंत तर तंतू जाड करते, काहीच मागितलं नाहीत तर दोन्ही कमी करते. या दोन मागण्या वेगवेगळ्या आहेत, एकीने दुसरीचं काम पूर्ण होत नाही, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. रोज तासभर चालणारी माणसंसुद्धा सत्तरीत जमिनीवरून उठताना दोन्ही हात टेकतात ते म्हणूनच.

नुसतं बसून राहिलं की काय होतं

साधारण तिशीनंतर दर दहा वर्षांत ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग अजून वाढतो. ताकद तर त्याहून भरभर जाते, म्हणजे मांडी बघायला फार बारीक झालेली नसते पण जिना चढताना हात आपोआप कठड्याकडे जातो. स्नायूत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात, सावकाश पण जास्त वेळ काम करणारे आणि झटक्यात जोर लावणारे. वयाबरोबर हे दुसरे जास्त झिजतात, आणि ठेच लागल्यावर पटकन पाय पुढे टाकून सावरायला नेमके तेच लागतात. त्यात भर म्हणजे या तंतूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशीसुद्धा हळूहळू कमी होतात आणि ज्या तंतूचा चेतापेशीशी संबंध तुटला तो वाळत जातो. या सगळ्या झिजेला अमेरिकन संशोधक अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये सार्कोपेनिया हे नाव सुचवलं, तोपर्यंत हे म्हातारपण आहे, असंच चालायचं म्हणून सोडून दिलं जायचं.

पण यात वयाचा वाटा किती आणि बसून राहण्याचा किती, हे समजायला अमेरिकेतल्या डॅलसमधला १९६६ चा अभ्यास बघा. विशीतल्या पाच धडधाकट मुलांना तीन आठवडे पूर्ण पलंगावर झोपवून ठेवलं, आणि त्यांची ऑक्सिजन वापरायची क्षमता चौथा हिस्सा किंवा त्याहून थोडी जास्तच घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना परत तपासलं तर लक्षात आलं की तीस वर्षांच्या वाढत्या वयाने जेवढं नुकसान केलं नव्हतं तेवढं त्या तीन आठवड्यांनी केलं होतं. आणि मग पन्नाशीतल्या त्याच माणसांनी सहा महिने नेमाने व्यायाम केला तेव्हा वयाने गेलेली क्षमता त्यांना परत मिळाली. पाचच माणसं होती, छोटा अभ्यास आहे हे खरं, पण आजारपणात किंवा ऑपरेशननंतर घरातल्या मोठ्या माणसांना आपण मायेपोटी उठूच देत नाही ना, तेव्हा मला हा अभ्यास हमखास आठवतो.

व्यायाम केला की पेशीत काय घडतं

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण पुढच्या प्रत्येक सूचनेचं कारण इथे आहे.

स्नायूच्या प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात. अन्न आणि ऑक्सिजन वापरून एटीपी नावाची ऊर्जा बनवणं हे त्यांचं काम. तुम्ही भरभर चालायला लागलात की एटीपी झपाट्याने संपायला लागतं, ती कमतरता पेशीतलं एएमपीके नावाचं एन्झाइम ओळखतं आणि पुढे पीजीसी-१ अल्फा नावाचं प्रथिन जागं होतं, जे पेशीच्या केंद्रकाला सांगतं की मायटोकॉन्ड्रिया वाढवा. सरावाने हे वाढतात हे जॉन होलोस्झी यांनी १९६७ मध्येच उंदरांना ट्रेडमिलवर पळवून दाखवलं होतं, त्यांच्या स्नायूतल्या मायटोकॉन्ड्रियाची एन्झाइम्स जवळपास दुप्पट झाली होती. म्हणजे पहिल्या आठवड्यात ज्या चढावर तुमची दमछाक होते तोच चढ दोन महिन्यांनी सोपा वाटतो, त्यात हृदयाचा वाटा आहेच, पण पायाच्या पेशीही आतून बदललेल्या असतात.

नवे बनतात तसे जुने, बिघडलेले मायटोकॉन्ड्रिया काढलेही जातात. पेशी स्वतःचाच निकामी भाग वेगळा करून, मोडून, त्याचा माल परत वापरते, याला ऑटोफॅजी म्हणतात आणि तिची यंत्रणा उलगडल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं. व्यायामाने ही साफसफाई वाढते हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत स्पष्ट दिसलंय. मला स्वतःला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण वाढत्या वयातला त्रास फक्त मायटोकॉन्ड्रिया कमी होण्याचा नसतो, बिघडलेले साचून राहण्याचाही असतो.

आता जड कामाची मागणी. वजनाचा ताण तंतूवर पडला की एमटॉर नावाची यंत्रणा चालू होते आणि प्रथिनं बनवायचा वेग वाढतो, तो साधारण एक ते दोन दिवस वाढलेला राहतो. तंतूंच्या कडेला चिकटून काही राखीव पेशी झोपलेल्या असतात, सॅटेलाइट पेशी म्हणतात त्यांना, अलेक्झांडर माउरो यांनी १९६१ मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बेडकाच्या स्नायूत त्या पहिल्यांदा पाहिल्या. ताण पडला, बारीक इजा झाली की त्या जाग्या होतात, त्यांची संख्या वाढते आणि तंतूला मिळून दुरुस्तीला लागतात. ही दुरुस्ती व्यायाम चालू असताना होत नाही, नंतर होते, म्हणून मधला आरामाचा दिवस हा व्यायामाचाच भाग धरायचा.

साखरेचं पण सांगायलाच हवं. जेवणानंतर रक्तात आलेली साखर साठवायची सगळ्यात मोठी जागा म्हणजे स्नायू. एरवी साखर आत घ्यायला इन्सुलिनचा निरोप लागतो, पण स्नायू आकुंचन पावायला लागला की ग्लूट-४ नावाची दारं इन्सुलिनशिवायही पेशीच्या पृष्ठभागावर येतात. त्यामुळे इन्सुलिन नीट काम करत नसलेल्या माणसालाही चालण्याचा फायदा मिळतो, आणि त्याचा परिणाम एक-दोन दिवस टिकतो, नंतर ओसरतो. रोज नाहीतर एक दिवसाआड करा असं सांगतात ते यासाठी, रविवारी एकदम तीन तास करून आठवड्याची भरपाई होत नाही. शिवाय काम करणारा स्नायू रक्तात काही संदेश देणारी द्रव्यं सोडतो, त्यांना मायोकाइन्स म्हणतात, म्हणजे पायांनी केलेल्या कामाची खबर लिव्हर आणि चरबीपर्यंत पोचते.

आणखी एक, कारण यात बरेच जण फसतात. व्यायामात फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशीला इजा करू शकणारे अस्थिर कण, तयार होतात म्हणून त्यांना निकामी करणाऱ्या अँटिऑक्सिडंटच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घ्याव्यात असा समज आहे. २००९ मध्ये जर्मनीत एक अभ्यास झाला, तरुण पुरुषांनी चार आठवडे व्यायाम केला, काहींना रोज १००० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आणि ४०० युनिट व्हिटॅमिन ई दिलं. गोळ्या न घेणाऱ्यांची इन्सुलिनला प्रतिसाद द्यायची क्षमता सुधारली, घेणाऱ्यांची सुधारली नाही. कारण ती थोडीशी फ्री रॅडिकल्स हाच पेशीला सुधारणा करण्याचा इशारा असतो. डॉक्टरांनी कारणाने दिलेली गोळी अर्थातच घ्या, पण व्यायाम करतोय म्हणून मनाने चालू करू नका.

पहिली पायरी: आपण कुठे आहोत ते बघा

छातीत दुखतं, चालताना चक्कर येते, थोड्याशा श्रमाने धाप लागते, हृदयविकार आहे, बीपी आटोक्यात नाही, डायबेटिसमुळे डोळ्याच्या पडद्याला त्रास आहे, नुकतंच ऑपरेशन झालंय, गरोदर आहात, यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर व्यायामाने साखर एकदम उतरू शकते, त्यामुळे वेळ आणि डोस विचारून घ्या. बाकीच्यांनी सावकाश सुरुवात करायला हरकत नाही.

मग घरच्या घरी एक चाचणी. हात नसलेली, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी करून बसा, घड्याळ लावा आणि पाच वेळा पूर्ण उभं राहून पूर्ण बसा, जमेल तितकं लवकर. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांप्रमाणे पाच वेळा उठायला १२ सेकंद किंवा जास्त लागत असतील तर शारीरिक क्षमता कमी झाली आहे असं धरतात. हातांशिवाय उठताच येत नसेल तर तेही लिहून ठेवा. मी आईची ही चाचणी घेतली तेव्हा सेकंदांपेक्षा बाकीचंच जास्त कळलं, उठताना ती आधी पुढे-मागे झोका घ्यायची, गुडघे आत वळायचे, आणि बसताना शेवटच्या वितीत सरळ धप्पकन पडायची. ते धप्पकन पडणं म्हणजे मांडीचा स्नायू ताणत ताणत वजन पेलू शकत नाही याची खूण, आणि तिच्या व्यायामाची सुरुवात आम्ही तिथूनच केली.

आकडा, तारीख आणि काय जाणवलं ते वहीत लिहा. वजन लिहिलं नाहीत तरी चालेल, कारण चरबी कमी होऊन स्नायू वाढला तर काटा जागचा हलतही नाही आणि माणूस उगाच खट्टू होतो.

दुसरी पायरी: दमाचा व्यायाम

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी सांगितलेलं प्रमाण आहे आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार व्यायाम, आणि त्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. पासष्टीपुढच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळायचे व्यायामही घालायचे.

हे आकडे बघून घाबरू नका, पहिल्या दिवशी एवढं कुणीच करत नाही. आज दहा मिनिटं जमतंय तर दहा मिनिटं. मध्यम म्हणजे किती, तर बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतपत. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागत असेल तर तो जोरदार. घड्याळातल्या हृदयाच्या ठोक्यांपेक्षा ही खूण मला जास्त भरवशाची वाटते, विशेषतः बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर, कारण त्या औषधाने ठोके फारसे वाढत नाहीत आणि माणूस आकडा गाठायला नको तेवढा पळतो.

चालणं, सायकल, पोहणं, जिने, काहीही चालेल. गुडघे दुखत असतील तर सायकल किंवा पाण्यातला व्यायाम बरा. दर आठवड्याला एकूण वेळ थोडा थोडा वाढवा, घाई नको, कारण दम लवकर सुधारतो पण टाचेच्या वरचे, स्नायूला हाडाशी जोडणारे कंडरे आणि सांधे सावकाश तयार होतात.

तिसरी पायरी: ताकदीचा व्यायाम

लोक टाळतात तो हा. बायका तर फारच, आपण पुरुषी दिसू या भीतीने, पण तसं होत नाही, तेवढा स्नायू वाढवायला वर्षानुवर्षं मुद्दाम मेहनत लागते. आणि वय झालं आता कसला व्यायाम म्हणणाऱ्यांसाठी, १९९० मध्ये मारिया फियाटरोन आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वयाच्या माणसांकडून आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. अर्थात ते सगळं देखरेखीखाली होतं.

आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून. सुरुवातीला एवढ्या हालचाली पुरतात: खुर्चीतून उठबस, भिंतीवर हात टेकून जोर, रबरी पट्टा किंवा वजन आपल्याकडे ओढणं, पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं, टाचा वर करणं, आणि दोन्ही हातात वजन धरून चालणं. ढकलणं, ओढणं, वाकणं, उठणं, उचलून नेणं, आयुष्यात लागणारं बहुतेक यात आलं.

खुर्चीची उठबस नीट सांगते, बाकीच्यांना तोच नियम लावा. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा, पावलं खांद्याइतकी रुंद, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. छाती पुढे न्या, नाक पायाच्या बोटांच्या वर आलं पाहिजे, मग टाचांनी जमीन खाली ढकलल्यासारखं करून उठा आणि उठताना श्वास सोडा. श्वास कोंडून धरू नका, बीपी एकदम चढतं. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनेच राहू द्या. आता बसताना मनात तीन आकडे मोजत सावकाश बसा, हाच खरा व्यायाम, कारण स्नायू ताणला जात असताना वजन पेलतो तेव्हा त्याला सगळ्यात जास्त ताण पेलता येतो. आठ ते बारा वेळा झालं की एक सेट. दीड-दोन मिनिटं थांबा, मग दुसरा सेट. हातांशिवाय उठता येत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा, आणि दर थोड्या दिवसांनी उशी पातळ करा.

वजन किती, तर सेट संपताना अजून दोन-तीनच वेळा जमलं असतं असं वाटलं पाहिजे. अजून दहा जमली असती तर स्नायूकडे काही मागितलंच नाही. हलक्या वजनाने जास्त वेळा केलं तरी स्नायू वाढतो, पण मग जवळजवळ थकेपर्यंत करावं लागतं, त्यामुळे जड वजन नको असेल तर घाबरू नका, फक्त अर्ध्यात सोडू नका. निव्वळ ताकद वाढवायला मात्र जडच लागतं.

चौथी पायरी: वाढवत नेणं

पहिल्या तीन-चार आठवड्यांत ताकद पटकन वाढते पण स्नायू दिसायला तेवढाच असतो. ती वाढ मुख्यतः मेंदू आणि चेतापेशी शिकल्यामुळे, जास्त तंतू एकदम कामाला लावता आल्यामुळे असते. तंतू खरंच जाड व्हायला दोन-तीन महिने धरा. इथेच बरेच जण सोडतात, म्हणून हे आधीच सांगतेय, बदल चालू असतो, डोळ्यांना दिसत नसतो.

बारा वेळा दोन्ही सेट आरामात व्हायला लागले की काहीतरी एक वाढवा. आधी सेट दोनाचे तीन, मग हातात थोडं वजन, मग खुर्ची बुटकी, मग एका पायावर जास्त भार. एकावेळी एकच बदल. वर्षभर त्याच वजनाच्या त्याच दहा उठबशा करणारी माणसं आहे ते टिकवतात, नवीन काही मिळवत नाहीत, आणि टिकवणंही वाईट नाही पण मग ताकद का वाढत नाही म्हणून निराश होऊ नका.

दोन-तीन महिने हे अंगवळणी पडलं की आठवड्यातून एक-दोन दिवस जोरदार टप्पे घाला. २०१७ मध्ये मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी एक अभ्यास छापला, १८ ते ३० वयाचे आणि ६५ ते ८० वयाचे असे दोन गट, बारा आठवडे. सायकलवर चार मिनिटं जोरात आणि मध्ये तीन मिनिटं हलकं अशा चार फेऱ्या करणाऱ्यांमध्ये मायटोकॉन्ड्रियाची क्षमता तरुणांत ४९ टक्के आणि वयस्करांत ६९ टक्के वाढली. वयस्करांत जास्त वाढली, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. पण त्याच अभ्यासात स्नायूची ताकद वाढवण्यात वजनाचा व्यायामच सरस ठरला, म्हणजे परत तेच, दोन मागण्या वेगळ्या. घरी करायचं तर सुरुवातीला एक मिनिट भरभर, दोन मिनिटं सावकाश, अशा पाच-सहा फेऱ्या पुरे. हृदयाचा त्रास असेल तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

पाचवी पायरी: खाणं आणि झोप

प्रोटीन हवंच, नाहीतर दुरुस्तीला माल कुठून येणार. प्रौढांसाठी किमान प्रमाण वजनाच्या दर किलोला ०.८ ग्रॅम सांगतात, पण पासष्टीपुढे स्नायू प्रोटीनला कमी प्रतिसाद देतो म्हणून तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. एकाच जेवणात सगळं कोंबण्यापेक्षा दिवसभरात विभागून घ्या, सकाळचं खाणं बहुतेकांचं यात कमी पडतं. नियमित वजनाचा व्यायाम करणाऱ्यांना १.६ ग्रॅमपर्यंत फायदा दिसतो, त्यापुढे फारसा नाही, तेव्हा डबेच्या डबे पावडर संपवायची गरज नाही. किडनीचा आजार असेल तर हे आकडे तुमच्यासाठी नाहीत, डॉक्टर सांगतील तेच प्रमाण.

झोप सात तास तरी घ्या. झोप कमी ठेवून खाणंही कमी केलं की वजन उतरतं पण त्यात स्नायूही जातो.

अंग आंबणं आणि दुखापत यातला फरक

नवीन व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आंबतं, जिना उतरताना मांड्या बोलतात, हे बरेच जण समजतात तसं व्यायामात स्नायूत तयार होणाऱ्या लॅक्टिक ॲसिडमुळे नाही, ते तर तासाभरात रक्तातून निघून जातं. हे तंतूंना झालेल्या बारीक इजेमुळे आणि तिच्या दुरुस्तीमुळे असतं. दोन्ही बाजूंना सारखं, बोथट दुखतं, हालचालीने थोडं मोकळं होतं आणि तीन-चार दिवसांत जातं. अशा वेळी हलकं चालणं चांगलं, पूर्ण पडून राहू नका. आणि अंग आंबलं नाही म्हणजे व्यायाम झाला नाही असंही नाही, सरावाने ते कमीच होतं.

एकाच जागी टोचून, सांध्यात, किंवा व्यायाम चालू असतानाच कळ आली तर थांबा. सूज, सांधा लचकणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर दाखवून घ्या. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन चालू असताना स्नायू सगळीकडे सारखे दुखायला लागले तर व्यायामामुळेच असेल असं धरून बसू नका, डॉक्टरांना सांगा, पण गोळी मनाने बंदही करू नका. आणि एकदम अती व्यायाम केल्यावर स्नायू खूप सुजले, कमजोरी आली, लघवी गडद तपकिरी झाली तर लगेच हॉस्पिटल गाठा, तेव्हा स्नायू मोडून त्यातलं प्रथिन किडनीत गेलेलं असतं आणि वाट बघण्यासारखं नसतं. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, असं झालं तर व्यायाम थांबवा आणि वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठा.

खंड पडला तर

पडणारच, ताप येतो, प्रवास होतो, घरात कुणी आजारी पडतं. एक-दोन आठवड्यांत ताकद फारशी जात नाही, दम मात्र लवकर जातो, म्हणून परत आल्यावर चढ अवघड वाटतो आणि सगळं गेलं असं वाटतं, तसं नसतं. आधी कमावलेली ताकद नव्याने कमावण्यापेक्षा लवकर परत येते. ताप उतरल्यावर एक-दोन दिवस जाऊ द्या, पहिल्या आठवड्यात वजन आधीच्या निम्मं आणि एकच सेट, दुसऱ्या आठवड्यात पाऊण, आणि तिसऱ्या आठवड्यात जुन्या जागी. खंड महिन्याहून मोठा असेल तर खुर्चीची चाचणी परत करा आणि वहीत नवीन तारखेने आकडा लिहा, मग जिथे आहात तिथल्या पायरीपासून धरा. आणि जिथे फक्त दहा मिनिटं मिळणार आहेत अशा आठवड्यात काय करायचं विचाराल तर मी उठबस आणि भिंतीवरचे जोर एवढंच ठेवेन, आठवड्यातून दोनदा, कारण मिळवलेलं टिकवायला मिळवताना लागलं त्याच्यापेक्षा बरंच कमी पुरतं, फक्त वजन तेवढंच ठेवायचं.